मागच्या सीटवरची डुलकी

रविवार, सकाळ

मरीन ड्राइव्हवरून सायकलने परतताना समुद्राचा वारा लागतो, चाकं एका लयीत फिरतात, आणि मागे बसवलेल्या लहान मुलांच्या सीटवरचं दोन-तीन वर्षांचं मूल पेंगायला लागतं. हे होणारच, असं धरूनच तयारी करावी.

पहिली काळजी मानेची. जागं मूल डोकं स्वतः सावरतं, झोपेत ते हेल्मेटच्या वजनासकट पुढे कलंडतं. हनुवटी छातीला टेकली की लहानग्यांची श्वासाची वाट दबते. म्हणून वर्षाच्या आतलं मूल या सीटवर नकोच. पुष्कळदा दोष हेल्मेटचाच असतो: मागून फुगीर असेल तर ते सीटच्या उंच पाठीला अडतं आणि डोकं पुढे ढकलतं. मागून चपटं घ्यावं. मानेभोवतीची उशी वापरायची तर तीही मागे पातळ, बाजूंनी जाड हवी. कलती होणारी सीट सोयीची, पण जास्त कलवली की वजन मागे जातं, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं.

काही जण झोपलेल्या मुलाचं डोकं ओढणीने सीटला बांधतात. ते पाहून जीव घाबरा होतो. खड्ड्यात धड हलतं, डोकं जखडलेलं राहतं, सगळा हिसका मानेवर येतो. कृपा करून बांधू नका.

झोपेत अंग खाली घसरतं. सायकल थांबवून बाळाची कंबर मागे सरकवावी, खांद्याचे पट्टे पुन्हा आवळावेत. पट्ट्याखाली एक-दोन बोटं जातील, इतकीच ढील. मग पाय. सैल पडलेलं पाऊल पायटावरून सुटून मागच्या चाकाच्या तारांत जातं, तेव्हा पावलावरचा पट्टा लावलेलाच हवा आणि पायात बंद बूट. तुमच्या खोगिराखाली उघड्या स्प्रिंगा असतील तर झाकून घ्या, मुलांची बोटं तिथेच चिमटतात.

पेव्हर ब्लॉक आणि गतिरोधक आले की सरळ उतरून सायकल हातात धरून चालावं. ऊन चढलं असेल तर सावलीत थांबून मानेमागे हात लावून पाहावा, घामाने चिंब असेल तर तिथेच बाहेर काढावं.

घरी पोचल्यावर स्टँडवर भरवसा ठेवू नये. एकाने हँडल घट्ट धरावं, दुसऱ्याने आधी पावलांचे पट्टे सोडवावेत, मग कमरेखांद्याचे, आणि मानेखाली हात घालून उचलावं. हेल्मेट घरात गेल्यावर काढलं तरी चालतं.