माघवारीतले मरणाचे अभंग

खानापूर-बेळगाव पट्ट्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना आषाढी पायी साधत नाही. भाताची लावणी नेमकी तेव्हाच तोंडावर असते, आणि शेत टाकून पंढरीला जा असं कुठल्याच संतानं सांगितलेलं नाही. माघीला सुगी उरकलेली असते, भात घरात आलेलं असतं. म्हणून आमची दिंडी माघ शुद्ध एकादशीला पोचायचा हिशेब धरून निघते. हुक्केरी, रायबाग, कुडचीला कृष्णेचा पूल, उगार, अथणी, जत, मंगळवेढा आणि मग पंढरपूर. रोजची चाल पंचवीस किलोमीटरच्या आसपास. त्याहून जास्त ओढलं की तिसऱ्या दिवशी निम्मी दिंडी टेम्पोत बसते.

माघात कारखाने सुरू असतात. रायबागपासून अथणीपर्यंत रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांचा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते. त्यामुळे वळणाच्या आतल्या कडेला चालणारा सापडतो. बाहेर लोंबणारं उसाचं वाढंही खांद्याला घासून जातं. वळण दिसलं की चोपदारानं हात वर करायचा, टाळ थांबवायचे आणि रांग साइडपट्टीच्या खाली उतरवायची. पहाटेच्या अंधारात पहिल्या पताकेला आणि शेवटच्या माणसाच्या पाठीला रेडियमची पट्टी हवीच. उजेड झाला की याच पट्ट्यात आम्ही चोखोबांचा ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ घेतो. दोन्ही बाजूंना ऊस उभा असताना तो समजावून सांगावा लागत नाही. ‘काय भुललासी वरलिया रंगा’ हा प्रश्न मात्र मंगळवेढ्यापर्यंत पाठ सोडत नाही.

नवखे वारकरी विचारतात, चालताना मरणाचे, दुःखाचे अभंग कशाला? जरा आनंदाचं घ्या की! त्याचं एक उत्तर छंदातच आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार तुकडे असतात: पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, शेवटचा चार अक्षरांचा. ‘रात्रंदिन आम्हां / युद्धाचा प्रसंग / अंतर्बाह्य जग / आणि मन.’ बोटावर मोजून बघा. तीन तुकडे चालीनं पुढे रेटतात आणि चौथा आखूड असल्यामुळे तिथं श्वास मिळतो. त्या आखूड जागेतच तुकोबांनी ‘आणि मन’ ठेवलंय. बाहेरच्या जगाशी झगडा असतो हे कुणालाही ठाऊक असतं. दम घेताना तोंडात येतं ते मन, आणि उन्हात बारा वाजता माघारी फिरायला तेच सांगत असतं. घरात बसून वाचताना ही जागा सहज निसटते.

म्हणायची पद्धतही सांभाळावी लागते. एका रांगेनं चरण म्हणायचं, समोरच्या रांगेनं ध्रुपद उचलायचं, म्हणजे दोघांनाही आळीपाळीनं विसावा मिळतो. माइक हाती आला की गाणारा लय चढवतो, टाळकरी त्याच्यामागे पळतात आणि म्हातारी माणसं फर्लांगभर मागे पडतात. मृदंगवाल्यानं लय शेवटच्या माणसाच्या पावलावर ठेवायची. ही नीती कीर्तनात सांगितली जात नाही, पाळावी मात्र लागते.

पायांचं थोडक्यात सांगतो. नवी चप्पल आणायची नाही. फोड आला तर त्याची कातडी सोलायची नाही. स्वच्छ सुईनं कडेला टोचून पाणी काढायचं आणि वर कोरडं फडकं बांधायचं. मांड्या घासत असतील तर खोबरेल तेल. अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ना हे पाणी घ्यायचं, ना एकादशीचा उपास करून चालायचं.

अथणी मागे पडली की हिरवा रंग हळूहळू सरतो आणि जतकडे उघडं माळरान लागतं. खानापूरच्या धो धो पावसातला माणूस थोडक्या दिवसांत कमी पावसाच्या मुलखात येतो. इथं तुकोबांचे दुष्काळाचे अभंग काढावेत. १६३० च्या दुष्काळात त्यांचं घर उद्ध्वस्त झालं. ‘बरे झाले देवा निघाले दिवाळे’ हा अभंग कीर्तनात पुष्कळदा चुकीचा वापरला जातो. दुःख चांगलंच असतं, गरिबानं तक्रार करू नये, असा त्याचा अर्थ लावतात. पण याच माणसानं ‘स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली’ असंही लिहून ठेवलंय, आणि त्यात कसलीही सजावट नाही. दोन्ही अभंग एकामागोमाग म्हटल्याशिवाय पहिल्याचा अर्थ लावू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय परंपरा सांगते की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. ज्यांच्याकडून येणं होतं, तेही त्याच दुष्काळात सापडलेले होते.

रात्रीच्या मुक्कामाला ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय घेतो. जन्म, मृत्यू, जरा, व्याधी यांतला दोष आधीच पाहून ठेवावा, या गीतेतल्या शब्दांवर माउलींनी म्हातारपणाचं वर्णन केलंय. आज भरलेलं दिसणारं शरीर उद्या वाळल्या काचरीसारखं होईल, हे त्यांनी धडधाकट माणसाला सांगितलंय. तेव्हा या ओव्या वाचायला तरुणांनाच बसवावं. सत्तरीच्या आजींसमोर एखादा वक्ता त्या रंगवून सांगू लागला की आजीच मग म्हणतात, ‘आम्हांस ठावं हाय रे बाळा, तू ऐक.’

या मुलखात गावकरी कन्नड बोलतात. ‘बर्री, ऊटा माड्री’ म्हणत जेवायला बसवतात. रात्रीच्या भजनात त्यांच्यापैकी कुणी कन्नड संतकवी पुरंदरदासांचं ‘मानव जन्म दोड्डदु’ लावतं. मनुष्यजन्म मोठा आहे, तो वाया घालवू नका, एवढंच सांगणं. आमचे टाळकरी ध्रुपद लगेच उचलतात. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा दोघंही एकमेकांच्या पाया पडतात, मग वय, जात, भाषा काहीही असो. वीणा जमिनीवर टेकवायची नाही. म्हणून पहाऱ्याची पाळी आधी ठरवून ठेवावी, नाहीतर पहाटे तीनला विणेकरी शोधत फिरावं लागतं.

मंगळवेढ्याला अर्धा दिवस राखून ठेवा. दामाजीपंतांनी बहामनी अमलात दुष्काळी लोकांना सरकारी धान्याची कोठारं उघडून दिली ती इथंच. विठू महाराच्या रूपात देवानं येऊन भरपाई केली ही पुढची कथा सगळ्यांना आवडते. माझं लक्ष मात्र त्याआधीच्या क्षणावर असतं. कोठार उघडताना भरपाई कुणी करील हे पंतांना माहीत नव्हतं. आणि याच गावचा कुसू, म्हणजे गावाभोवतीची भिंत, बांधताना तो ढासळून १३३८ मध्ये चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरी नेल्या. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी आख्यायिका आहे. हाडांची कथा सांगताना बहुतेक बुवा भिंतीबद्दल, वेठीबद्दल बोलतच नाहीत. भिंतीची गोष्ट आधी सांगावी.

मंगळवेढ्याहून पंढरपूर सुमारे पंचवीस किलोमीटर. पोचल्यावर चंद्रभागेचं स्नान, मग महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी, नामदेव पायरी. समाधी देवळाबाहेर आहे, कारण आत त्यांना जाऊ दिलं जात नव्हतं. देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषणाला बसावं लागलं. हे तिथं उभं राहून पोरांना सांगायला दोन मिनिटं लागतात. पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणं ज्यांना झेपत नाही, त्यांनी मुखदर्शन घ्यावं. तेही नसेल होत तर कळसाला हात जोडले तरी वारी पोचते. द्वादशीचं पारणं फेडून गाडी लवकर काढा, दुपारनंतर रस्ते तुंबतात.