मानेतली रुई

जुन्या कारखान्यांतले दिवे शोधून, दुरुस्त करून विकणे हा माझा व्यवसाय आहे, आणि मी पावतीवर ‘जुना’ असे लिहिते तेव्हा त्या शब्दाची जबाबदारी सर्वस्वी माझी असते. गेल्या वर्षी मे महिन्यात ती जबाबदारी माझ्या हातून थोडक्यात निसटणार होती.

लोअर परळच्या एका नव्या इमारतीतल्या दांपत्याला जेवणाच्या खोलीसाठी आणि गच्चीसाठी एकसारखे बारा दिवे हवे होते. रे रोडजवळच्या दारूखान्यात माझ्या नेहमीच्या भंगारवाल्याकडे तेवढेच मिळाले: बाहेरून गडद हिरव्या, आतून पांढऱ्या, ताटाएवढ्या घेराच्या पत्र्याच्या छत्र्या. ‘सगळा माल एकाच कापडगिरणीतला,’ असे त्याने सांगितले. नगाला अठराशे रुपये ठरवून मी ते टेम्पोत भरले. उन्हाच्या तिरिपीत सगळ्यांवर सारखाच गंज दिसत होता, आणि तिथे अधिक वेळ थांबून पाहायला हवे होते.

संध्याकाळी काळाचौकीच्या कारखान्यात मामांनी दिवे उघडायला घेतले. मामा माझ्याकडे वायरिंग करतात. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा ते एका गिरणीत बदली, म्हणजे कायम नसलेले, वायरमन होते. पहिल्या दिव्याच्या मानेतून, म्हणजे छत्री आणि होल्डर यांच्यामधल्या पोकळीतून, त्यांनी चिमट्याने करड्या कापसाची वळकटी ओढून काढली. तेलाने चिकट झालेली ती रुई बोटांत दाबली की तिचे बारीक तंतू दिसत होते. साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, हवेत सतत रुई उडायची, दिव्यावर साचायची, आणि तापलेल्या दिव्यामुळे ती पेटू नये म्हणून दिवे नियमित पुसावे लागत, असे मामा सांगत होते. नऊ दिव्यांत ती सापडली. दहावा उघडून मामा थांबले.

‘ताई, ह्यात रुई नाही.’

अकराव्यातही नव्हती, बाराव्यातही नव्हती. मग मी भिंगाखाली नीट पाहिले. खऱ्या छत्र्यांवरचे एनॅमल म्हणजे काचेची पूड पोलादावर सुमारे 800 अंश सेल्सिअसला वितळवून बसवलेला थर. तो काचेसारखा टवका होऊन उडतो आणि टवक्याच्या कडेला काळसर पोलाद उघडे पडते. या तिघांवर मात्र साधा रंग होता, नखाने पापुद्रा निघत होता, आणि गंज बहुधा आम्लाने आणलेला होता. जुन्यांचे स्क्रू सरळ खाचेचे होते, यांचे स्टार स्क्रू. भंगारवाल्याने जाणूनबुजून फसवले की त्यालाही कोणी फसवले, ते मला आजही ठामपणे सांगता येणार नाही.

गिऱ्हाईकाला मी रात्रीच फोन केला. नऊ खरे आहेत, तीन नवे आहेत. नव्यांचे पैसे नको आहेत. गृहस्थांनी नऊच घेतले, गच्चीचा बेत बदलला. रुईवरून तो माल कापडगिरणीतला आहे असे म्हणता येते, कोणत्या गिरणीतला ते नाही, म्हणून पावतीवर मी गिरणीचे नाव लिहिले नाही, जरी त्यांना ते हवे होते.

ते नऊ दिवे तयार करून द्यायला आणखी आठ दिवस लागले. सुती वेष्टनाच्या आतले रबर वाकवताच तुकडे पडत होते, म्हणून सगळी वायर बदलली, बेकलाइटचे तडकलेले होल्डर काढले, आणि धातूच्या प्रत्येक छत्रीला अर्थिंगची वायर जोडली, जी पूर्वी नव्हतीच. मेगरवर, म्हणजे वायरीतून बाहेर वीज झिरपते का ते तपासणाऱ्या यंत्रावर, 500 व्होल्टला एक मेगाओमच्या खाली रोध आला की दिवा परत उघडायचा, हा आमचा नियम आहे. सातव्या दिव्याचा रोध अर्धा मेगाओमच येत होता. मानेत आणखी खोलवर रुईचा ओलसर गोळा अडकून राहिला होता. तो काढून, दोन दिवस उन्हात वाळवल्यावरच आकडा वर गेला.

भंगारवाल्याने कुरकुर करत ते तीन दिवे परत घेतले. आता मी दारूखान्यात जाते तेव्हा छोटी टॉर्च जवळ ठेवते, आणि भाव विचारण्याआधी मानेत डोकावते.