तुम्ही विचारलंत म्हणून : किल्ली कुठे असते?

"अहो डॉक्टर, तुम्ही मुलांच्या आईवडिलांना खरंच विचारता, घरात बंदूक आहे का म्हणून? तुमचा काय संबंध?"

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मला हे विचारतात. अमरावतीला माहेरी गेले की काकू विचारते, "आणि राग नाही येत गं त्यांना?" भारतातून रेसिडेन्सीला, म्हणजे डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाला आलेली मुलं आवाज खाली करून विचारतात, कारण आपण बाहेरचे, अमेरिकेच्या दुखऱ्या नसेवर बोट कशाला ठेवा, असं त्यांच्या मनात असतं. इतक्या जणांनी विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

हो, विचारते. मी फ्लोरिडात लहान मुलांची डॉक्टर आहे आणि दर वार्षिक तपासणीत विचारते. बाळ रांगायला लागलं की मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे का, कार सीट नीट बसवली आहे का, आजीच्या बीपीच्या गोळ्या कुठे असतात, हे सगळं विचारते. त्याच ओघात, त्याच आवाजात पुढचं येतं : "घरात बंदुका असतील तर त्या कशा ठेवता?" 'आहे का' असं मी विचारत नाही. तसं विचारलं की समोरच्याला कबुलीजबाब दिल्यासारखं वाटतं. 'असतील तर' म्हटलं की तो थेट कपाटाबद्दल बोलायला लागतो. अमेरिकेत दहापैकी साधारण चार प्रौढ बंदूक असलेल्या घरात राहतात. माझ्याकडे येणाऱ्या घरांमध्ये ती असणं ही रोजची गोष्ट आहे.

संबंध काय, तर हा. 2020 पासून अमेरिकेत 1 ते 19 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. त्याआधी वर्षानुवर्षं तिथे रस्त्यावरचे अपघात होते. मी गोवराची लस टोचते, हेल्मेट घालायला सांगते, आणि जे कारण सगळ्यांत वर आहे त्याबद्दल गप्प बसू? आणि बातम्यांत दिसतात ते गोळीबार हा या आकड्यातला लहान भाग. सगळ्या वयांचे मिळून 2021 मध्ये बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा हमखास थबकतो.

पण खरं सांगायचं तर माझा प्रश्न अमेरिकेत सुरू झालाच नाही. तो विदर्भात, सरकारी दवाखान्यात इंटर्नशिप करताना सुरू झाला. आमच्याकडे कुणी 'विष घेतलं' असं म्हणत नाही, 'औषध घेतलं' म्हणतात. फवारणीचं औषध. खरिपाच्या दिवसांत कॅज्युअल्टीत रात्री-अपरात्री जीप यायची, मागे पेशंट आणि सोबतच्या माणसाच्या हातात पिशवी. पिशवीत औषधाचा डबा, कारण लेबल बघायला आम्हीच तो मागवायचो. उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू करायचं, रात्रभर दर थोड्या वेळाने डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, छाती ऐकायची. काही जण जायचे. पण बरेच वाचायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठून बसले की म्हणायचे, "काय झालं होतं मले, समजलंच नाही." भांडण, सावकाराचा माणूस दारात येणं, एक वाईट संध्याकाळ. तेवढीच.

एका पोराचा डिस्चार्ज मला अजून आठवतो. अठरा-एकोणीसचा असेल. वडिलांनी कागदावर सही केली, गोळ्या समजून घेतल्या, आणि खाटेखालची पिशवी उचलत म्हणाले, "मॅडम, हे अर्धं उरलं हाये. नेतो मी घरी, लय महागाचं हाये." आणि मी मान हलवली. डबा त्या पोराबरोबर त्याच जीपमधून त्याच घरी गेला. पुढे त्याचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. तो डबा घरात कुठे ठेवणार, हे मी विचारलं नाही. आमच्यापैकी कुणीच विचारायचं नाही. अॅट्रोपिनचा डोस तोंडपाठ होता, पण हे विचारायला कुणी शिकवलंच नव्हतं.

नंतर अभ्यासात कळलं, की मरणाच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या दहा जणांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. ती वेळ टळली की माणूस तरतो. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद केली आणि 1995 नंतर तिथला आत्महत्यांचा दर झपाट्याने उतरला. माणसांची दुःखं काही तेवढ्या वेगाने कमी झाली नव्हती, हाताशी असलेली वस्तू बदलली होती. बंदुकीच्या बाबतीत हे जास्तच लागू पडतं, कारण तिथे चौथ्या दिवशी उठून बसायची संधी बहुतेकांना मिळत नाही.

आता कायद्याचं. 2010 मध्ये फ्लोरिडातल्या ओकाला गावात एका आईने मुलांच्या डॉक्टरच्या या प्रश्नाला उत्तर द्यायला नकार दिला, आणि डॉक्टरने तिला तीस दिवसांत दुसरा डॉक्टर शोधायला सांगितलं. त्यावरून केवढं वादळ उठलं. 2011 मध्ये राज्याने कायदाच केला : उपचाराशी किंवा सुरक्षिततेशी संबंध असल्याशिवाय डॉक्टरने बंदुकीबद्दल विचारायचं नाही, नोंद ठेवायची नाही. मोडला तर 10,000 डॉलरपर्यंत दंड, शिवाय लायसन्सवर कारवाई. लोक त्याला 'डॉक्स व्हर्सेस ग्लॉक्स' म्हणायचे, म्हणजे डॉक्टर विरुद्ध पिस्तुलं (ग्लॉक हा पिस्तुलाचा ब्रँड). डॉक्टर मंडळी कोर्टात गेली. सप्टेंबर 2011 मध्ये न्यायाधीशांनी स्थगिती दिली, 2014 मध्ये अपिलात कायदा उचलून धरला गेला, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये अकराव्या सर्किटच्या (फ्लोरिडाची प्रकरणं ऐकणारं केंद्रीय अपील न्यायालय) पूर्ण पीठाने विचारण्यावरची आणि नोंदीवरची बंदी रद्द केली. डॉक्टरचं बोलणं हेसुद्धा अभिव्यक्तीच आहे, असं त्यांनी मानलं.

एक कलम मात्र कोर्टाने राहू दिलं : बंदूक आहे म्हणून पेशंटशी भेदभाव करायचा नाही. माझ्या मते ते अगदी योग्य आहे. ओकालाच्या त्या डॉक्टरचा प्रश्न बरोबर होता, पण आईला काढून टाकणं चूक होतं. विचारणं माझं काम, उत्तर द्यायचं की नाही हे तुमचं. ज्या आईने नाही सांगितलं तिच्या मुलाला मी उद्या खोकल्यासाठी तपासणार, तेव्हा तिने परत माझ्याकडेच यायला हवं. आणि लोकांना वाटणारी भीती मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या घरातली गोष्ट कुठल्या तरी यादीत जाईल असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून मी सरळ सांगते, की माझ्या कागदावर बंदुका किती आणि कुठल्या हे जात नाही. 'सुरक्षित ठेवण्याबद्दल बोललो' एवढीच ओळ जाते.

2011 च्या उन्हाळ्यात, स्थगिती येईपर्यंत, मीही विचारणं बंद केलं होतं. व्हिसा, कर्ज, दोन लहान मुलं, लायसन्स गेलं तर काय, ही धाकधूक. फॉर्मवरची ती ओळ आमच्या नर्सने काळ्या मार्करने खोडली होती. त्या महिन्यांत माझ्यासमोरून किती उदास मुलं येऊन गेली असतील, याचा हिशेब मी आजही मांडते. तेव्हा मला दर वेळी ती जीपमधली पिशवी दिसायची.

पुढे बऱ्याच वर्षांनी एक पंधरा वर्षांचा मुलगा आला. (ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.) झोप नाही, मार्क घसरलेले, उदासीच्या प्रश्नावलीत मरणाच्या विचारांबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला 'कधी कधी' अशी खूण. वडील हरणाच्या शिकारीला जाणारे, शांत, हाताला ग्रीसचे डाग. मी विचारलं. ते जराही चिडले नाहीत. "सेफमध्ये असतात मॅडम, नंबरचं कुलूप आहे, तो हातही लावत नाही." मग नेहमीप्रमाणे वडिलांना बाहेर बसवून मुलाशी एकटीने बोलले. सेफचा विषय काढला तर तो बुटाच्या नाडीशी चाळा करत म्हणाला, "नंबर माझी जन्मतारीख आहे."

मी त्याला विचारलं, बाबांना सांगूया का. त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही, मग होकाराची मान हलवली. वडिलांना आत बोलावलं, आणि त्यानेच सांगितलं. त्या माणसाने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मी बंदुका विका म्हटलं नाही. मुलगा बरा होईपर्यंत घराबाहेर ठेवता येतील का, एवढंच विचारलं. त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला. "आज रात्री येतोय. सगळ्या घेऊन येतोय. नंतर सांगतो." मुलगा आता कॉलेजात आहे.

तेव्हा काकू, राग येतो का? क्वचित. जो माणूस पहाटे चारला उठून मुलाला घेऊन शिकारीला जातो, त्याला सुरक्षिततेचं माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि तसं मी त्याला म्हणतेही. त्याला बोचते ती विचारणाऱ्याच्या स्वरातली तुच्छता. ती नसेल तर आईवडील आईवडिलांसारखंच बोलतात.

आणि आता आपल्या मंडळींना. "आमच्याकडे कुठली आलीय बंदूक," असं तुम्ही म्हणता. पहिली गोष्ट, काहींकडे आहे, मला माहीत आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. दुसरी, तुमचा मुलगा शनिवारी मित्राकडे झोपायला जातो ना? शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, हे तुम्ही त्या घरी फोन करून सांगता. त्याच फोनवर विचारा, "घरात बंदुका असतील तर कुलुपात असतात ना?" आमच्यातल्या एका आईने हे माझ्यासमोर बसून, घामाघूम होऊन विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, "एक मिनिट थांबा," आणि नवऱ्याला हाक मारली. बराच वेळ गेला. मग परत आली आणि म्हणाली, "गोळ्या आणि बंदूक एकत्र होत्या. आता वेगळ्या केल्या, दोन्हीला कुलूप घातलं. पाठवा तुम्ही त्याला."

ज्यांच्याकडे कुलूप नाही त्यांच्यासाठी बंदुकीतून ओवून लावायची केबलची कुलपं माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहेत. फुकट आहेत, नाव लिहून घेत नाही. काल सात उरली होती, नवा खोका बुधवारी येतो आहे.