डावी बाजू

त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसलेल्या बाईंचे केस कोणत्याही कलरिस्टचा हात शिवशिवावा असे होते. टाळूपासून सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रंग काळ्याच्या अगदी शेजारचा गडद तपकिरी, म्हणजे आमच्या मोजपट्टीवर लेव्हल ३ (आकडा जितका मोठा तितका रंग उजळ), आणि आजवर त्यांना ना रंग लागला होता, ना मेंदी, ना स्ट्रेटनिंगचे औषध. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे एवढ्या लांब केसाचे टोक टाळूबाहेर येऊन चार वर्षे झालेली असतात. म्हणून "अलीकडे काही लावलंय का" एवढ्यावर न थांबता मी नेहमी चार वर्षांचा हिशोब विचारते. त्यांनी तो न कंटाळता दिला. तीन दिवस आधी त्या टोनरच्या, म्हणजे उजळलेल्या केसाची छटा जुळवणाऱ्या रंगाच्या, त्वचाचाचणीसाठी आल्या होत्या, तेव्हाच उजव्या कानामागची एक बारीक बट घेऊन मी स्ट्रँड टेस्ट, म्हणजे एकाच बटेवर औषधाची चाचणी, केली होती. लाइटनर, म्हणजे केसाचा रंग उतरवणारा लेप, लावून बट प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळली, चाळीस मिनिटे ठेवली, आणि धुतल्यावर ती लेव्हल ८ ची स्वच्छ पिवळी निघाली. ओली बट हलकेच ताणली तर ती तुटली नाही, चिकट लागली नाही, सोडताच आपल्या लांबीवर परत आली. याहून चांगला कौल केस देत नाहीत.

त्यांना हवे होते ते बालायाज. मुळे आहेत तशीच राहावीत, कानाच्या खालपासून रंग हळूहळू उजळत जावा आणि टोकाला सोनेरी व्हावा, मात्र नेमका कुठून उजळला हे बोट ठेवून दाखवता येऊ नये, अशी त्यांची अपेक्षा होती. बालायाज हा फ्रेंच शब्द झाडणे या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे, आणि १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये हे तंत्र आकाराला आले तेव्हा रंगवलेल्या बटा एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे कापसाच्या पट्ट्या ठेवत. झाडण्याची ती हालचाल आजही तीच आहे. ब्रश उभा धरून त्याच्या कडेने बटेच्या दोन्ही काठांवरून खाली ओढायचे, म्हणजे वरच्या बाजूला 'व्ही'सारखा आकार सुटतो. तिथे रेघ राहू नये म्हणून हातमोज्याच्या बोटाने ती पुसट करायची. मग खाली येता येता ब्रश आडवा करून दाब वाढवायचा, आणि टोकाशी बट उलटी करून तिच्या आतल्या अंगालाही लाइटनर भरायचा, कारण वरून माखलेली बट पोटात कोरडी राहिली तर धुतल्यावर तिथे गडद पट्टे दिसतात. नवीन मुलींचे सगळे लक्ष ब्रशच्या फटकाऱ्यावर असते. माझ्या मते खरे काम दुसऱ्या हाताचे आहे. बट ज्या हाताने ताणून धरायची तो हात सैल पडला की ब्रश बटेच्या आत रुततो, आणि रुतलेल्या ब्रशने उमटलेला डाग कोणताही टोनर झाकत नाही.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी त्या लेपाच्या आत काय चालते हे सांगायला हवे. लाइटनरच्या भुकटीत पर्सल्फेट आणि अल्कली असतात, तर तिच्यात कालवायचा डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड: २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० व्हॉल्यूम म्हणजे ९ टक्के. अल्कलीमुळे केसाचे बाहेरचे खवले फुगून उघडतात, पेरॉक्साइड आत शिरते आणि केसाला रंग देणारे मेलॅनिन तोडू लागते. गडद युमेलॅनिन आधी तुटते आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन चिवटपणे मागे राहते, म्हणून काळा केस उजळताना आधी लालसर, मग नारिंगी, मग सोनेरी आणि शेवटी पिवळा होतो. यातली एकही पायरी गाळता येत नाही. हे सगळे ओलाव्यात घडते. लेप ओला आहे तोवर केस उजळतो, लेप वाळला की उजळणे थांबते. फॉइलमध्ये ऊब आणि ओल दोन्ही कोंडून राहतात. हाताने रंगवलेली बट मात्र उघड्या हवेत असते. म्हणूनच या कामासाठी केओलिनसारखी माती घातलेला लाइटनर वापरतात, ज्याची बाहेरची साय वाळते आणि आतला थर ओला राहतो. मीही तोच वापरते, आणि ब्रश उलटा धरला तरी गळणार नाही इतका घट्ट कालवते.

सव्वाअकराला मी डाव्या बाजूने सुरुवात केली. माझी नेहमीची खुर्ची खिडकीजवळची. त्या दिवशी तिथे सहकारी एका मोठ्या कामात होती, म्हणून मी आतल्या खुर्चीवर होते. बाईंना केपमध्ये उकडू लागले तेव्हा मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीला वरच्या एसीची जाळी खाली वळवायला सांगितले. चेहऱ्याजवळचे केस बारीक असतात आणि लवकर उजळतात, हे धरून मी डावीकडे ६ टक्क्यांचा डेव्हलपर घेतला आणि थरही बेताचाच दिला. नंतर मागचा भाग ९ टक्क्यांनी केला आणि शेवटी उजवीकडे आले. उजवीकडेही चेहऱ्याजवळ ६ टक्केच होते, पण तोवर बाऊलमधले मिश्रण नव्याने कालवलेले होते आणि हात सैलावला होता, त्यामुळे थर जाड पडला. बारा वाजता ब्रश खाली ठेवला.

पाच मिनिटांनी डावीकडची पहिली बट ओल्या कापसाने पुसून पाहिली. नारिंगी, लेव्हल ६. पन्नास मिनिटांनंतर हे कमीच होते, तरी वाटले की गडद केस आहेत, वेळ घेतील. सव्वाबाराला तीच बट पुन्हा पुसली. अजून नारिंगीच, दहा मिनिटांत तसूभरही बदल नाही. म्हणून उजवीकडची बट उचलली, आणि तिथे जे दिसले त्याने माझ्या पोटात गोळा आला. जिला लाइटनर लागून जेमतेम पाव तास झाला होता ती बट सोनेरी होऊन लेव्हल ७ ओलांडायच्या बेतात होती. जी बाजू अर्धा तास आधी सुरू झाली ती मागे, आणि शेवटची पुढे.

तेव्हा मी एक प्रश्न विचारला, जो विचारायला नको होता. "डाव्या बाजूला कधी काही लावलं होतं का? आठवून बघा." बाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिले, "नाही हो, काहीच नाही," म्हणाल्या, आणि त्यांचा हात केपच्या आतून केसांकडे निघाला तो मी अडवला. चार वर्षांचा हिशोब त्यांनी मला आधीच दिलेला होता. तरी काम बिघडताना दिसल्याबरोबर माझा संशय प्रथम त्यांच्या केसांवर गेला.

"ताई, इकडचं सगळं पांढरं पडलंय." हे शिकाऊ मुलीने ओळखले. ती डाव्या बाजूला वाकून बघत होती. मी हातमोज्याच्या पाठीने बटेला स्पर्श केला तर लेप खडूसारखा भुरभुरला आणि केपवर पांढरी भुकटी पडली. साय धरलेला लेप बोटाने दाबला की आत मऊ लागतो, थोडा दबतो. इथे दाबायला आत काहीच नव्हते, थर आरपार वाळला होता. उजवीकडचा लेप तसाच दाबून पाहिला, तो ओला होता. मग दोघींनीही वर पाहिले. एसीची जाळी सरळ डाव्या खांद्यावर रोखलेली होती, आणि हात वर केला तर थंड, कोरडा झोत तळव्यावर लागत होता. मुलीचा चेहरा उतरला. "मीच सांगितलं होतं तुला," एवढे मी तिला लगेच, बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

उभ्या उभ्या मला स्ट्रँड टेस्ट आठवली. ती बट मी फिल्ममध्ये गुंडाळली होती, म्हणजे तिला ओलावा राखून दिला होता, आणि त्या ओलाव्यात आलेला निकाल उघड्या हवेतल्या कामाला लावला होता. चाचणी केसाबद्दल अगदी खरे बोलली होती. खुर्चीवरच्या हवेबद्दल तिला मी विचारलेच नव्हते.

घाईत दोन उपाय हाताशी दिसतात. पहिला म्हणजे वाळलेल्या लेपावर पाण्याचा फवारा मारणे. त्याने लेप सगळीकडे सारखा जागा होत नाही; कुठे पातळ होऊन ओघळतो आणि ज्या गडद केसांना हातही लावायचा नव्हता त्यांवर ठिपके पाडतो. दुसरा म्हणजे जुन्यावरच नवा लेप थापणे. पण खालचे कवच नव्या लेपाला केसापर्यंत नीट पोचू देत नाही, आणि कुठे किती पोचले याचा अंदाज राहत नाही. मी दोन्ही टाळले. जाळी बंद करवली, आणि उजवी व मागची बाजू लेव्हल ८ ला येईपर्यंत दर पाच मिनिटांनी पाहत राहिले. बारा पस्तीसला सगळे डोके एकदम धुतले, केस थंड हवेवर पूर्ण वाळवले आणि बाईंना खिडकीशी नेले, कारण ओल्या केसाची लेव्हल फसवते आणि दिव्याखालचा नारिंगीसुद्धा.

खिडकीपाशी फरक उघड दिसला. उजवीकडे मुलायम चढत गेलेला पिवळा. डावीकडे नारिंगी, आणि वरच्या पुसट कडेशी, जिथे थर सगळ्यांत पातळ होता, तिथे तर तांबूस. मागच्या भागातल्या डाव्या टोकाच्या दोन बटाही जराशा मागे होत्या. मी बाईंना बसवून काय झाले ते आहे तसे सांगितले: लेप वाळला, तो मी सांगून वळवलेल्या झोतामुळे वाळला, आता डावी बाजू पुन्हा करावी लागेल, त्याला आणखी दीड तास लागेल, आणि त्या बाजूच्या केसांना दोनदा औषध सोसावे लागेल. त्यांनी एकच विचारले: "म्हणजे माझ्या केसांत काही दोष नव्हता ना?" गेला पाऊण तास त्या हे मनात धरून बसल्या होत्या. माझ्या त्या एका प्रश्नाने ते त्यांच्या मनात घातले होते. मी नाही म्हणाले, आणि तो प्रश्न विचारल्याबद्दल त्यांची माफी मागितली.

डावीकडची बट पुन्हा ओली करून ताणून पाहिली. लवचीकपणा शाबूत होता, नसता तर मी त्या दिवशी पुढे गेले नसते. खुर्ची हलवली. डेव्हलपर पुन्हा ६ टक्केच घेतला, कारण रखडलेल्या केसाला जोरदार औषधाने पळवायला गेले की तो रंगात पुढे जातो आणि बळात मागे पडतो. या वेळी झाडण्याची ती मोकळी हालचाल नव्हतीच. टोकाचे जे केस बऱ्यापैकी उजळले होते त्यांना न शिवता फक्त नारिंगी भाग शोधून, बट बट करून, ब्रशच्या कोपऱ्याने लेप भरायचा आणि प्रत्येक बटेवर फिल्म ठेवायची, असे ते काम होते. मुलगी फिल्मचे तुकडे कापून देत होती. पंचविसाव्या मिनिटाला डावी बाजू उजवीच्या जोडीला आली.

टोनरच्या वेळी मी दोन बाऊल केले. उजवीकडे उरलेला पिवळा मारायला जांभळी छटा पुरेशी होती. डावीकडे पिवळ्यात अजून नारिंगीची झाक होती, म्हणून तिथे थोडी निळी मिसळली. आणि क्रम मुद्दाम उलटा केला. दोनदा औषध लागलेला केस जास्त सच्छिद्र होतो आणि टोनर अधाशासारखा ओढतो, म्हणून टोनर आधी उजवीकडे लावला आणि पाच मिनिटांनी डावीकडे, आणि दोन्ही एकाच वेळी धुतले. केस वाळवून मधे भांग पाडला तेव्हा दोन्ही बाजू एक दिसत होत्या. मी त्या दोन्ही हातात घेऊन खिडकीत पुन्हा पुन्हा जुळवून पाहिल्या. बाईंनी आरशात मान दोन्हीकडे फिरवली आणि हसल्या. दुपारचे पावणेतीन वाजले होते.

दहा आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. मुळांशी तीन सेंटिमीटर नवे केस आले होते आणि ते वेगळे दिसत नव्हते. या पद्धतीचे मला सगळ्यांत जास्त आवडणारे रूप हेच आहे. पण दारातून आत येतानाच मला डावी बाजू अधिक सोनेरी दिसली. सच्छिद्र केस टोनर जितक्या लवकर ओढतो तितक्याच लवकर सोडतोही. "ही बाजू जास्त छान झालीय, नाही?" त्या डावीकडचे केस पुढे घेत म्हणाल्या. मी त्यांना ती उजळ का दिसते आहे ते सांगितले, आणि त्या दिवशी फक्त डावीकडे पातळ टोनर लावला, दहा मिनिटे. त्यांच्या कार्डावर मागच्या वेळच्या नोंदीखाली लिहिले: डावी बाजू दोनदा उजळलेली, वर्षभर तिला लाइटनर लावू नये. मुलीने ते वाचले, कार्ड ठेवून दिले, आणि पुढच्या क्लायंटला बसवण्याआधी खुर्चीवर हात उंच धरून झोत लागतो का ते पाहिले.