चरबी नाही हो काढली, काकू!

वजन कमी करायच्या ऑपरेशनला दीड वर्ष झालं, तरी सोसायटीतल्या काकू जिन्यात गाठून विचारतातच, "किती किलो चरबी काढली गं?" एक ग्रॅमही नाही! माझी 'स्लीव्ह' नावाची शस्त्रक्रिया झाली. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात, उरते केळ्याएवढी नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन बहुतेक त्या कापलेल्या भागातच बनतं, त्यामुळे पोट लहान होतंच, वर भूकही मंदावते.

माझ्या मावसभावाला मात्र बायपास सुचवला, हृदयाचा नव्हे, वजनासाठीचा जठराचा. त्याला मधुमेह, शिवाय रोजची जळजळ, आणि स्लीव्हनंतर ती वाढू शकते. बायपासमध्ये जठराची इवलीशी पिशवी करून थेट लहान आतड्याला जोडतात. त्याचं वजन फारसं उतरायच्या आतच साखर खाली आली, डॉक्टरांनी इन्सुलिन थांबवलं.

पण बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या दोघांनाही जन्मभर. चौथ्या महिन्यात केसांनी माझी मोरी तुंबली होती! परवा एका लग्नात मोहाने अख्खी पुरणपोळी खाल्ली आणि पुढची पंगत उठेपर्यंत कोपऱ्यात घाम पुसत बसले. समोरून काकू आल्याच. "अगं, जेवलीस की नाही?"