गाणगापूर: बारा वाजताची मधुकरी

गाणगापूर रोड स्टेशनवर उतरलं म्हणजे गाणगापूर आलं असं नाही. गाव तिथून वीसेक किलोमीटर आत आहे. हे बाहेर उभ्या असलेल्या जीपवाल्यांना पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे ते म्हणतील तो भाव. आमच्या जीपवाल्याने तर आईचं लंगडत चालणं बघून भाव चढवला. याचा मला मनापासून राग आला. क्षेत्राच्या दाराशी म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचे पैसे करू नयेत. आईने मात्र "देऊन टाक गं, आरती चुकेल" म्हणून विषय संपवला.

पौष महिना होता. कलबुर्गीचा हा सगळा पट्टा तुरीचा. रस्त्याच्या कडेला तुरीच्या भाऱ्यांचे ढीग, मधूनच एखाद्या शेतात मळणीयंत्र चाललेलं आणि हवेत तो कोरडा, नाकाला झोंबणारा भुसा. शाळू पोटरीत आला होता. ज्वारीचं शेत दिसलं की आईला गुरुचरित्रातला तो शेतकरी आठवतोच. गुरूंनी सांगितलं म्हणून उभं पीक कापून बसलेला आणि लोकांनी वेड्यात काढलं तरी न डगमगलेला. जीपमध्येही तिने ती गोष्ट सांगितली. आमच्याबरोबर बसलेल्या दोन कन्नड बायका "हौदु, हौदु" करत मान डोलवत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण गोष्ट माहीत होती.

हल्ली बहुतेक लोक तुळजापूर, अक्कलकोट आणि गाणगापूर एका दमात उरकतात. ट्रॅव्हल्सची गाडी दुपारी तीनला येते, साडेचारला हॉर्न वाजवते. कुणाला रजा नसते, कुणाकडे पैसे नसतात, सगळं समजतं मला. तरीही सांगते, गाणगापूरला दुपारचे बारा गाठता येत नसतील तर मुक्काम करा. इथली मुख्य गोष्ट दुपारी घडते. गुरुचरित्रातले गुरू म्हणजे नृसिंह सरस्वती, दत्ताचे अवतार मानले जाणारे. ते मूळचे आपल्या कारंज्याचे. नरसोबाच्या वाडीला बारा वर्षं राहिले आणि मग इथे भीमाकाठी आले. इथून श्रीशैलाकडे जाताना त्यांनी भक्तांना सांगितलं की मी गाव सोडून जात नाही, गुप्तपणे इथेच आहे. सकाळचं स्नान कृष्णाकाठी आणि दुपारची भिक्षा गाणगापुरात, ही श्रद्धा तेव्हापासूनची. म्हणून बाराच्या सुमाराला या गावात देणारेही रस्त्यावर असतात आणि मागणारेही. मागणाऱ्यांत ते कोणत्या रूपात उभे असतील, हे कुणालाच सांगता येत नाही.

आम्ही नेहमीच्या पुजाऱ्यांकडे उतरलो. त्यांच्या चोपडीत माझ्या पणजोबांच्या नावाची ओळ आहे, मोडीत. खोलीला खिडकी नाही, गादी पातळ, न्हाणीघर अंगणापलीकडे, आणि आईला रात्री दोनदा उठावं लागतं. गैरसोय होती हे खरंच. पण पहाटे दाराशी गरम पाण्याची बादली आली आणि पाठोपाठ वहिनींची हाक, "चा घ्या की हो, मग जावा संगमावर." त्या घरात मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात येतात. गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधरही घरी कन्नड बोलणारे होते, आणि ग्रंथ त्यांनी लिहिला मराठीत. वहिनींचं बोलणं ऐकताना ते नवल वाटेनासं होतं.

संगम गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे. भीमा आणि अमरजा. भीमाशंकरला उगम पावलेली, पंढरपुरात चंद्रभागा म्हणून आपण जिला हात जोडतो तीच ही भीमा. आणि तिची काय दशा केली आहे लोकांनी! अंगावरचे कपडे पाण्यात सोडले की पीडा जाते, असं कुणी कुणाला शिकवलं कोण जाणे. मी पाण्यात उतरले तर घोट्याभोवती एक भिजलेली साडी गुंडाळली गेली. ती सोडवायला वाकले तर खाली आणखी कपडे, एक शर्ट, लहान मुलाची चड्डी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं काहीतरी. काठावर पाटी लावलेली, पाटीखाली कपड्यांचा ढीग. गुरूंनी ज्या पाण्यात रोज अनुष्ठान केलं, त्या पाण्यात आपली घाण सोडून आपण मोकळे होतो. मी डोकं न बुडवता हातपाय धुऊन बाहेर आले. आईने मात्र तांब्याने डोक्यावर पाणी घेतलं आणि औदुंबराखाली बसून आपला अध्याय वाचला. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये म्हणणारे आमच्या नात्यातही आहेत. आई कित्येक वर्षं वाचते आहे. तिला अडवायची हिंमत आजवर कुणाची झालेली नाही आणि होऊही नये.

भस्माच्या डोंगरावरून चिमूटभर भस्म घेतलं. अष्टतीर्थं आईच्या गुडघ्यांमुळे राहिली.

मठात दर्शनाला गर्दी बेताची होती. इथे मूर्तीपुढे उभं राहून डोळे भरून बघणं नसतं. गुरूंच्या निर्गुण पादुका आत असतात आणि भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून त्या बघायच्या. पादुकांना पाण्याचं स्नान नसतं, केशर आणि अष्टगंधाचा लेप असतो. झरोक्याला डोळा लावला की आधी अंधार, मग समईचा उजेड, मग काहीतरी केशरी. एवढ्यात मागून "चला चला" सुरू. नजर आतल्या उजेडाला सरावायच्या आत बाजूला व्हावं लागतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. श्वास घेण्याइतका वेळ तरी माणसाला मिळावा.

आरतीच्या वेळी जे झालं ते लिहायलाच हवं. गाणगापूरला बाधा झालेल्या माणसांना आणतात. आरतीचा घंटानाद सुरू झाला की काहीजण घुमू लागतात, किंचाळतात, खांबावर चढतात. मी लहानपणी हे बघून आईच्या पदरात तोंड लपवलं होतं. या वेळी खांबाजवळ विशीतली एक मुलगी होती. केस मोकळे, आवाज पार फाटलेला. तिची आई तिच्या ओढणीचं टोक दोन्ही हातांनी धरून शेजारी उभी होती, मुलगी पडू नये एवढंच बघत. आणि समोर तिघे-चौघे मोबाईल वर धरून तिचं चित्रण करत होते. मी सर्वांत जवळच्या मोबाईलवर सरळ हात ठेवला. तो माणूस म्हणाला, "सगळेच काढतात." मी म्हटलं, "तुमची मुलगी असती तर?" त्याने मोबाईल खिशात घातला, बाकीच्यांनी नाही घातला. अशा मुलीला डॉक्टरकडेही न्यायला हवं, औषधं हवीत, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण त्या आईला त्या मंडपात कुणी दूर केलं नाही. कुणी कुजबुजलं नाही, सरकून बसलं नाही. एका म्हातारीने तिच्या हातावर प्रसादाचे फुटाणे ठेवले आणि मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. शहरात त्या दोघींना अशी जागा कुठे मिळते?

आरती झाली आणि गाव बदललं.

गल्ल्यांच्या तोंडाशी पातेली आली. कुणी पोळ्यांची चवड घेऊन बसलं, कुणी भाताचं घमेलं. पुण्यामुंबईकडून आलेले लोकही नवस म्हणून मधुकरी वाढायला बसतात. आणि समोरून झोळ्या येऊ लागल्या. भगव्या नव्या झोळ्या, उपरण्याच्या गाठी मारून केलेल्या झोळ्या, स्टीलची ताटं, कुणाच्या हातात तर नुसतीच पत्रावळ. आईने पिशवीतून आजोबांची झोळी काढली. पहाटे संगमावर ती भिजवून, पिळून आणली होती. ती माझ्या हातात देऊन म्हणाली, "पाच घरं माग. मी इथे ओट्यावर बसते."

दरवर्षी ती मागायची. या वर्षी तिला चालवेना.

मी बँकेत नोकरी करते. लोक माझ्यापुढे अर्ज घेऊन उभे राहतात. झोळी पसरून पहिल्या दाराशी उभी राहिले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. 'ॐ भवति भिक्षां देहि' पाठ आहे, घरात मुंजींमध्ये किती वेळा ऐकलंय, पण मुंजीतला बटू आपल्याच आईपुढे मागतो. इथे परक्याचं दार. माझ्या शेजारी गळ्यात जाड सोनसाखळी घातलेले एक गृहस्थ उभे होते, पांढरा कडक शर्ट, झोळी दोन्ही हातांत घट्ट धरलेली. त्यांचेही ओठ नुसते हलत होते. आतून कुणीतरी आलं, दोघांच्या झोळीत भात घातला आणि गेलं. आम्ही एकमेकांकडे न बघता पुढे झालो.

दुसऱ्या घरी "संपलं, पुढं जा" मिळालं. दार लोटून घेतलं. त्यांचं खरंच संपलं असेल, पण बंद दारासमोर रिकामी झोळी धरून उभं राहिल्यावर कानाच्या पाळ्या तापतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मला गुरुचरित्रातला वांझ म्हशीचा अध्याय आठवला. गावात चांगली खातीपिती घरं असताना गुरू भर दुपारी नेमके त्या दरिद्री ब्राह्मणाच्या दारी गेले, जो स्वतःच मागायला बाहेर गेला होता. घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून म्हशीचं दूध मागितलं. आजवर या अध्यायात मला म्हैस दुभती झाल्याचा चमत्कारच दिसायचा. त्या दिवशी वाटलं, घरात काहीही नसताना दाराशी आलेल्या यतीला 'पुढं जा' न म्हणणारी ती बाई केवढी!

तिसरं घर गल्लीच्या टोकाला, शेणाने सारवलेल्या ओट्याचं. आत चूल पेटलेली. एक आजी बाहेर आल्या, आईपेक्षाही थकलेल्या. मनगटापर्यंत ज्वारीचं पीठ लागलेलं, बोटांच्या पेरांत सुकून तडकलेलं. मी म्हटलं, "माई, भिक्षा वाढा." या वेळी आवाज फुटला. त्यांनी परातीतली गरम भाकरी उचलली, चार चतकोर केले, एक चतकोर माझ्या झोळीत ठेवला. त्यावर पुंडीपल्ल्या, म्हणजे आपली अंबाडीची भाजी, आणि चिमूटभर शेंगाचटणी. झोळीच्या कापडातून भाकरीची ऊब तळहाताला लागली. "तगोरी, तायी," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मग त्या वाकल्या. एक हात उंबऱ्यावर टेकवून, दुसऱ्या हाताने माझ्या पायाला स्पर्श करून तो हात त्यांनी कपाळाला लावला. माझ्या पायावर पीठ उमटलं.

मी मागे सरकले, "अहो आजी, नका, नका" म्हणत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तो नमस्कार मला नव्हताच. झोळी धरणाऱ्यात कदाचित तो असेल, म्हणून होता. पण पाय माझे होते. रोज बसमध्ये धक्के देत चढणारे, मंडपात त्या माणसावर चिडून आलेले हे पाय. आजवर देवळात जाऊन मी मागतच आले, हे होऊ दे, ते टळू दे. कुणीतरी भर दुपारी माझ्यात देव धरून वाकेल, हे मला सुचलंही नव्हतं. मी झोळी छातीशी धरून तशीच उभी राहिले, तोवर मागच्या बाईने "ताई, सरका ना" म्हटलं आणि आजींनी दुसरा चतकोर तिच्या झोळीत घातला. तिलाही तसाच नमस्कार. तिच्या मागच्या शाळकरी पोरालाही.

उरलेली घरं कशी झाली, नीट आठवत नाही.

आईने झोळी उघडली. भात, वरण, अंबाडी, कुणी वाढलेला शिरा, सगळं एकत्र झालेलं. त्यातला घास तिने आधी ओट्याखालच्या कुत्र्याला घातला, मग मला दिला, मग स्वतः घेतला. मी तिला आजींबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "दरवर्षी करतात त्या. म्हणून तर तुला पाठवलं." वर्षानुवर्षं हिने हे मला सांगितलं नव्हतं. मी रागावले थोडी. ती शांतपणे शिरा खात राहिली.

अक्कलकोटला परतताना थांबलो. तिथल्या अन्नछत्रात पंगत उत्तम, स्वच्छता वाखाणण्यासारखी, हजारोंना रोज मानाने जेवू घालतात आणि मनापासून वाढतात. आईला पाटावर बसता येत नव्हतं तर लगेच खुर्ची आली. शहरातल्या हॉटेलांनी शिकावं असं आतिथ्य. पण तिथे मागावं लागत नाही. दोन्ही हवं, असं मला आता वाटतं. भुकेल्याला न मागता मिळावं, आणि पोट भरलेल्याने वर्षातून एकदा तरी दारोदार मागून बघावं.

निघण्याआधी मी वहिनींना विचारलं होतं, मधुकरी वाढायला बसायचं तर काय करावं लागतं? त्या म्हणाल्या, "आदल्या दिवशी शिधा आणून द्या, सांगून ठेवा. पहाटेपासून दोघी मिळून करू." माघ वद्य प्रतिपदेला, म्हणजे गुरुप्रतिपदेला, मोठी यात्रा असते, तेव्हा येऊ नका, पाय ठेवायला जागा नसते, हेही त्यांनीच बजावलं. म्हणून चैत्रातला साधा वार धरला आहे. ज्वारी सोलापुरातून घेऊ, अंबाडी तिथेच मिळेल. भाकऱ्या मला पातळ जमत नाहीत, त्या वहिनी थापणार आहेत. वाढायला मी बसणार, आणि आई माझ्या शेजारी, खुर्चीवर.