आईचा रक्तगट ओ नव्हताच: बॉम्बे ग्रुपचा आमचा अनुभव

बाबा ओ, आई ओ आणि मी बी. दहावीच्या पुस्तकातला आनुवंशिकतेचा तक्ता कसाही फिरवला तरी त्यात मी बसत नाही. कॉलेजच्या रक्तदान शिबिरात माझा गट पहिल्यांदा कळला. घरी येऊन सांगितलं तेव्हा आई एकदम गप्प झाली. बाबा म्हणाले, "शिबिरात घाई असते, बघण्यात चूक झाली असेल." दुसरीकडे तपासलं, तरी बीच आलं. त्यानंतर आमच्या घरात हा विषय कुणीच काढला नाही. बाबांनी आईला कधी एका शब्दानेही विचारलं नाही, हे मी मुद्दाम लिहितेय. एवढ्याशा कागदावरून बाईवर संशय घेणारी माणसं आपल्या आसपास आहेत, आणि त्या बाईकडे स्वतःच्या बाजूने मांडायला काहीच नसतं.

उत्तर मिळालं ते आईच्या ऑपरेशनच्या निमित्ताने. गर्भाशयात गाठी होत्या, पाळीत रक्तस्राव थांबत नव्हता आणि हिमोग्लोबिन ७.८ वर आलं होतं. डॉक्टरांनी गर्भाशय काढायचं ठरवलं आणि ओ पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या राखून ठेवायला सांगितल्या. ओ पॉझिटिव्ह म्हणजे सहज मिळणारं रक्त, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. संध्याकाळी रक्तपेढीतून फोन आला, "एकही पिशवी क्रॉसमॅच होत नाहीये. पेशंटचा नवा नमुना घेऊन या." नवा नमुना दिला, तरी तेच. फ्रिजमधली ओ गटाची प्रत्येक पिशवी आईच्या सीरमशी, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर द्रवाशी, जुळवून पाहिली आणि प्रत्येक नळीत गुठळ्या झाल्या.

त्या रक्तपेढीतल्या टेक्निशियन बाईंची मी कायम ऋणी राहीन. बाहेर दारात माणसं चिठ्ठ्या घेऊन उभी असताना त्यांनी मला आत बोलावलं आणि नीट समजावून सांगितलं. रक्तगट दोन बाजूंनी तपासायचा असतो. एकदा रुग्णाच्या तांबड्या पेशी घेऊन त्यांवर अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी ओळखणारी द्रावणं) टाकायचं, हे सेल ग्रुपिंग. मग रुग्णाचं सीरम घेऊन ते माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींशी मिसळायचं, हे सीरम ग्रुपिंग. आईचे आधीचे सगळे रिपोर्ट एका छोट्या लॅबमधले, नुसत्या काचपट्टीवरच्या पहिल्या तपासणीचे होते. त्या तपासणीत ती ओच दिसते. दुसऱ्या बाजूने ओ पेशी लावून पाहिल्या असत्या, तर तेव्हाच लक्षात आलं असतं, कारण खऱ्या ओ माणसाचं सीरम ओ पेशींना हात लावत नाही.

आपल्या तांबड्या पेशींवर एच नावाचा एक पदार्थ असतो. तो घराच्या जोत्यासारखा. त्यावर एक साखर चढली की ए, वेगळी साखर चढली की बी, दोन्ही चढल्या की एबी. काहीच चढलं नाही, नुसतं जोतंच राहिलं, तर ओ. आईच्या पेशींवर एचच नाही. त्यामुळे तिच्या शरीराला ए आणि बी जितके परके, तितकंच एचही परकं, आणि ते सर्वांत जास्त असतं ओच्या पेशींवर. म्हणजे 'सगळ्यांना चालतं' असं आपण ज्या ओ रक्ताबद्दल म्हणतो, तेच तिला दिलं असतं तर तिच्या अँटिबॉडींनी त्या पेशी फोडल्या असत्या. जिवावर बेतलं असतं. हाच बॉम्बे ग्रुप. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९५२ मध्ये जगापुढे मांडला, म्हणून हे नाव. भारतात साधारण दहा हजारांत एक जण या गटाचा सापडतो. युरोपात दहा लाखांत एखादाच.

खात्रीसाठी नमुना परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीकडे गेला. रिपोर्ट बॉम्बे, आरएच पॉझिटिव्ह असा आला. मग तिथल्या कागदांवरून आमच्या डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर आमचं घराणं काढलं. आईकडे बीचं जनुक आहे, पण चढायला एच नाही म्हणून ते दिसत नाही. बाबांकडून मला एच मिळालं, आईकडून बी मिळालं, आणि माझ्यात बी दिसू लागलं. मी बाबांची आणि आईचीच. आईने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. ती रडली नाही, पण त्या रात्री बाबांशी कितीतरी वेळ बोलत बसली होती.

सुदैवाने ऑपरेशन तातडीचं नव्हतं. डॉक्टरांनी ते पुढे ढकललं, रक्तस्राव आटोक्यात ठेवायच्या गोळ्या दिल्या आणि शिरेतून लोह दिलं. हिमोग्लोबिन ११च्या वर गेल्याशिवाय टेबलावर घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. दुर्मीळ रक्त शोधण्याइतकंच ते कमी लागेल असं बघणंही महत्त्वाचं आहे. शोधाच्या धावपळीत ते मागे पडू नये.

मी ग्रुपवर निरोप टाकला तेव्हा "माझं ओ निगेटिव्ह आहे, कुणालाही चालतं, लगेच येतो" असे कितीतरी फोन आले. प्रत्येकाला नाही म्हणताना जीव तुटत होता. मी तिची पोटची मुलगी, माझं रक्तही तिला विषासारखं. टेक्निशियन बाई म्हणाल्या, "आधी भावंडं बघा. सख्ख्या भावंडांत चारात एकाला हा गट असण्याची शक्यता असते." आजीचं लग्न तिच्या आतेभावाशी झालेलं. नात्यातल्या लग्नांत अशी लपलेली जनुकं समोरासमोर येतात. मावशी खरोखरच ओ निघाली. इचलकरंजीचे धाकटे मामा निघाले बॉम्बे, तेही पॉझिटिव्ह. मी फोनवर चाचरत विचारायला लागले, तर म्हणाले, "अगं पोरी, अक्काला लागतंय म्हटल्यावर इचारतीस काय? कवा येऊ तेवढं सांग."

इथे एक गोष्ट कळली, जी रुग्णाच्या नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. रक्ताच्या नात्यातलं रक्त तसंच चढवायचं नसतं. जनुकं जवळची असली की दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून राहतात आणि त्याच्यावरच उलटू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर वाचणं कठीण. म्हणून अशा पिशवीवर किरणांचा मारा करून त्या पेशी निकामी करतात. आमच्या शहरात ती सोय नव्हती, पिशवी दुसरीकडे न्यावी लागली. दुसरी पिशवी स्वयंसेवकांनी शोधलेल्या एका तरुणाने दिली. तो बेळगावहून बसने आला, रक्त दिलं, चहा घेतला आणि परतीच्या बसला लागला. येण्याजाण्याचे पैसे घ्यायला तयार झाला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईचं सीरम आणि त्या दोन पिशव्या यांचा क्रॉसमॅच लावला. नळीत गुठळी नव्हती. प्रत्यक्षात त्या तरुणाची एकच पिशवी लागली. मामांची तशीच राखून ठेवली होती.

तुमच्या घरी कुणाचा रिपोर्ट ओ असेल आणि ऑपरेशन किंवा बाळंतपण जवळ आलं असेल, तर रक्तपेढीत विचारा, "सीरम ग्रुपिंग केलंय का, त्यात ओ पेशी लावल्या होत्या का?" आईवडील दोघंही ओ आणि मूल ए किंवा बी असेल, तर कुणाकडेही बोट दाखवण्याआधी आईवडिलांचे गट मोठ्या रक्तपेढीत दोन्ही बाजूंनी तपासून घ्या.

आईच्या पर्समध्ये आता लॅमिनेट केलेलं कार्ड असतं. त्यावर बॉम्बे आरएच पॉझिटिव्ह, आणि खाली लाल अक्षरांत, 'ओ गटाचं रक्त देऊ नये'. मामांनी दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव घातलंय. दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर लागतं, आणि मधे एका बाळंतिणीसाठी ते मिरजेला जाऊनही आले.